सही तिची, घर कुणाचं?



गेल्या तिमाहीत आपल्या सल्ला केंद्रावर एक बाई आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत घराचे सगळे कागद. नऊ वर्षं गृहकर्जाचा अर्धा हप्ता त्यांच्या पगारातून जात होता. दीड वर्षापूर्वी नवरा घर सोडून गेला आणि त्याने आपला वाटा देणं बंद केलं. हप्ते थकले. शेवटी बँकेची ६० दिवसांची नोटीस आली, ती दोघांच्या नावाने. त्यांनी विचारलं, "नोटीस दोघांना आली, म्हणजे घर दोघांचं आहे ना?"

आम्ही कागद उलगडले. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या होत्या. खरेदीच्या करारनाम्यावर, नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ वर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर मात्र एकच नाव होतं, नवऱ्याचं. कर्ज दोघांचं आणि घर एकट्याचं!

"घर घेताना वकील नव्हते का?"

"होते की. बँकेनेच दिले होते. त्यांची फीसुद्धा आम्हीच भरली."

या उत्तरापाशी आपण थांबायला हवं. फी आपण भरली म्हणून वकील आपला होत नाही. बँकेच्या पॅनेलवरचा वकील मिळकतीचे कागद तपासतो ते बँकेचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून. त्याचा अहवाल बँकेच्या नावाने असतो आणि बँकेच्या फाइलीत जातो. बायकोचं नाव मालकीत आहे की नाही, हा त्याचा प्रश्नच नसतो. करारनामा लिहितो तो बिल्डरचा वकील, आणि तो बिल्डरचं हित बघतो. कुटुंबाने कुणाला विचारलंच, तर तो नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या ओळखीचा. व्यवहार उभ्या आयुष्यातला सर्वांत मोठा, टेबलाभोवती वकील तीन-तीन, आणि त्यांत बाईचा एकही नाही.

सहकर्जदार आणि सहमालक हे दोन शब्द वेगळे आहेत, हे आपल्यातल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनाही अनेकदा माहीत नसतं. जे मालक असतील त्या सगळ्यांनी कर्जदार व्हावं, असा बँकांचा सहसा आग्रह असतो. पण प्रत्येक कर्जदार मालक असलाच पाहिजे, असा काही नियम नाही. बायकोचा पगार धरला की कर्ज मोठं मिळतं, म्हणून तिची सही घेतली जाते. त्या सहीने ती संपूर्ण कर्जाला बांधली जाते. बँक पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकते. मालकी मात्र त्या सहीने मिळत नाही.

"पण नवऱ्याच्या घरात बायकोचा कायद्याने वाटा असतोच ना?" हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो. महाराष्ट्रात लग्नामुळे आपोआप असा वाटा निर्माण होत नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार, वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. आपल्याकडे तसं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने घरात राहण्याचा हक्क दिला, आणि तो मोलाचा आहे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनी म्हणून नाव लागलं की घर आपलं झालं, हाही गैरसमज. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळ करते, नुसत्या नॉमिनेशनने ती मालक होत नाही. "पैसे मी भरले" म्हणून कोर्टात जाता येतं, पण मग ते सिद्ध करण्याचं ओझं तिच्याच डोक्यावर.

याची दुसरी बाजूही पाहू. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आधी त्यात १५ वर्षं पुरुषाला घर विकायचं नाही, अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली गेली. सवलत स्वागतार्हच आहे. पण सवलतीपुरतं बाईचं नाव लावायचं आणि त्याच दिवशी तिच्याकडून सर्वाधिकाराचं मुखत्यारपत्र लिहून घ्यायचं, असं झालं तर? कागदावर ती मालकीण, आणि घर विकण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. अशा वेळी "यावर सही करू नका" किंवा "एवढ्याच कामापुरतं लिहून द्या" असं सांगणारं आपलं माणूस शेजारी हवं.

आपली वकील कशी निवडायची? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणून ओळखीनेच शोध घ्यावा लागतो, आणि ओळखी बहुधा पुरुषांच्या असतात. भेटल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: "तुम्ही या बँकेच्या पॅनेलवर आहात का? या बिल्डरचं काम करता का?" उत्तर होकारार्थी असेल तर नमस्कार करून उठावं. दुसरं, निदान ३० वर्षांचा सर्च घेऊन मिळकतीवर बोजा आहे का, सातबारा किंवा मिळकत पत्रिका काय सांगते, भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का, याचा लेखी अहवाल माझ्या नावाने देणार का? तिसरं, फी किती, ती लेखी सांगावी आणि पावती द्यावी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी मांडावी. चौथं, बुकिंगची रक्कम देण्याआधी करारनाम्याचा मसुदा वाचून तो मराठीत समजावून सांगणार का? रेरा कायद्याप्रमाणे नोंदलेला करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तेव्हा घाई त्याची असते, आपली नव्हे. पाचवं आणि सर्वांत महत्त्वाचं, ती आपल्याशी एकटीशी बोलायला तयार आहे का? "मालकीत तुमचं नाव आहे का, हिस्सा किती टक्के लिहिला आहे?" हे जी स्वतःहून विचारते, ती आपली वकील. मूळ कागद बँकेत जमा करताना त्यांची सही-शिक्क्याची यादी घ्यायलाही तीच सांगेल. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते कागद परत केले नाहीत, तर उशिराच्या दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये बँकांना बजावलं आहे.

वकील बाईच असली पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. पण नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेसाठी काम सुरू केलं, तेव्हा बायकांना वकिलीची दारं उघडी नव्हती. ती कायद्याने उघडली १९२३ साली. आज तालुक्याच्या कोर्टातही स्त्री वकील भेटतात. त्यांच्यापर्यंत आपण का पोचत नाही?

कारण पैशापेक्षा संकोच मोठा आहे. "वेगळा वकील कशाला? माझ्यावर विश्वास नाही?" या एका वाक्यापुढे भल्याभल्या कार्यकर्त्याही गप्प होतात. मग बँकेकडे बघा. बँक नवऱ्याची सही घेते, बायकोची घेते, जामीनदार मागते, घर गहाण ठेवून घेते आणि मूळ कागद तिजोरीत ठेवते. कुणी बँकेला विचारत नाही की आमच्यावर विश्वास नाही का? कागद नीट करणं हा बँकेचा व्यवहार ठरतो आणि बाईचा तो संशय ठरतो. प्रेम असेल तर नाव लावायला अडचण काय, हा प्रश्न आता आपण विचारायला हवा.

थोडा दोष आपलाही आहे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं. शहरातल्या फ्लॅटबद्दल आपण तसं काही केलं नाही. मारहाण झाली की आपण तिच्याबरोबर पोलीस चौकीत जातो. ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा टेकवायला जाते, तेव्हा तिच्याबरोबर कोण असतं?

म्हणून प्रत्येक गटाने तीन कामं करावीत. आपल्या भागातल्या, बँक आणि बिल्डर यांच्याशी न बांधलेल्या तीन-चार वकिलांची यादी करावी. महिन्यातून एकदा 'घराचे कागद' वाचायला एकत्र बसावं. आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागता येते, हे सर्वांना सांगावं. ज्यांचं कर्ज आधीच चालू आहे त्यांनीही निराश होऊ नये. महाराष्ट्रात २०१५ पासून नवऱ्याने राहतं घर किंवा त्यातला हिस्सा बायकोला बक्षीसपत्राने दिला, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, स्थानिक अधिभार असल्यास तो वेगळा. घर गहाण असेल तर आधी बँकेची संमती घ्यावी लागते.

त्या बाईंची लढाई आता सुरू झाली आहे. नऊ वर्षांची पासबुकं त्यांनी जपून ठेवली आहेत, तोच त्यांचा आधार. आपल्या एका वकील मैत्रिणीने काम हाती घेतलं आहे. पण त्यांना ती नऊ वर्षांपूर्वी, सहीच्या आदल्या दिवशी भेटायला हवी होती.

तुमच्या ओळखीत कुणीतरी आज घर बघत असेल. तिला हा अंक द्या. आणि तुमच्या गटाने केलेली वकिलांची यादी पुढच्या अंकापूर्वी आमच्याकडे पाठवा.