दगड त्यांचा, नावं आपली

दर वर्षी १ जानेवारी जवळ आली की काही लोकांच्या पोटात दुखायला लागतं. म्हणतात, इंग्रजाच्या विजयाला सलाम ठोकता, लाज नाही वाटत? हा प्रश्न पेपरातून येतो, स्टेजवरून येतो, पानटपरीवर येतो. आपली पोरं मग आकड्यांवर भांडत बसतात, पेशव्यांचे किती होते अन् आपले किती. नाही तर शिवी देतात. मला दोन्ही करायचं नाही. मी सरळ उत्तर देतो आणि मग ज्यांचे आभार मानायला कोणाला सवड नसते त्यांचे आभार मानतो.

तर ऐका. १ जानेवारी १८१८ ला भीमेच्या काठी कोरेगावची लढाई झाली. १८२१ साली कंपनी सरकारनं तिथं स्तंभ उभारायला घेतला. त्यावर कंपनीच्या बाजूनं पडलेल्या ४९ जणांची नावं कोरली आहेत. त्यातली २२ नावं 'नाक'नं संपतात. नावापुढं नाक म्हणजे महार, हे सांगायला इतिहासाचा मास्तर लागत नाही. ज्याची सावली चालत नव्हती, ज्याला गावात जातीनंच हाक मारायचे, त्याचं नाव दगडात गेलं. बाकीची २७ नावं दुसऱ्यांची. त्यांनाही माझा जयभीम. मेलेल्या शिपायात पंगती लावायची रीत आपली नव्हे.

पण दगड उभारणाऱ्यानं पुढं काय केलं? १८९२ नंतर महाराची भरतीच बंद केली. म्हणे ही लढाऊ जात नव्हे! दगड उभा अन् दार बंद. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्यावर अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पार विलायतेच्या सरकारपर्यंत अर्ज नेला. बापजाद्यांच्या रक्ताची पावती दाखवून शिपाईगिरी मागावी लागली. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपलं, १९२१ साली मोडली. पुन्हा युद्ध आलं, बाबासाहेबांनी जोर लावला, तेव्हा १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरज सरो वैद्य मरो, ही त्या सरकारची कृतज्ञता.

आता सांगा, आम्ही सलाम कोणाला करतो? ज्यानं दार बंद केलं त्याला? आम्ही त्या नावांना करतो. दगड त्यांचा असंल, नावं आपली आहेत. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले ते हेच सांगायला, की तुमच्या बापाला लढता येत होतं, तुम्ही का वाकता? त्याच वर्षी मार्चात महाडचं तळं झालं. ज्याला एवढा धागा जोडता येत नाही त्यानं आम्हाला देशप्रेम शिकवू नये.

आणि आता आभार. स्तंभाभोवती दोर धरून उभी असते ती समता सैनिक दलाची पोरं-पोरी. लाखांची गर्दी. चुकलेलं लेकरू खांद्यावर घेऊन माईकपर्यंत नेतात, म्हाताऱ्या मायला हात धरून पायरी चढवतात, पाणी वाटतात. आमच्या भंडाऱ्याकडचे लोक वरठीच्या स्टेशनावरून महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसतात, उभ्यानं, संडासाच्या दाराशी, पुण्यापर्यंत. पदरचं तिकीट, पदरची भाकर. गिरणीत काम करणाऱ्याचे दोन-तीन दिवस खाडे पडतात, ते पैसे कापले जातात. मी धानाच्या गिरणीत पोती वाहतो, खाडा म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिथं महार रेजिमेंटचे रिटायर्ड जवानही येतात, छातीवर मेडल लावून, गुडघे दुखत असले तरी ताठ. १ जानेवारी २०१८ ला दगडफेक झाली, गाड्या जळाल्या. पुढच्या वर्षी हीच माणसं पुन्हा दोर धरून उभी होती. यांना कोणी पगार देत नाही, कोणी पुरस्कार देत नाही.

यांचे आभार आमचे पुढारी कसे मानतात? बॅनर लावून. बॅनरवर पुढाऱ्याचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं अन् त्या २२ जणांपैकी एकाचं नाव नाही. हार घालून घ्यायला येतात, माईक धरतात, धूळ उडवत जातात. मेलेल्याच्या नावावर जिवंताची जाहिरात! ही कृतज्ञता मला मंजूर नाही.

दुसरी गोष्ट. पडलेला कोण, हे ठरवतं कोण? आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरला दारूगोळ्याचा कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ ला तिथं स्फोट झाला, त्या दिवशी आठ कामगार ठार झाले. शिपायाच्या बंदुकीत जे भरलं जातं ते बनवणारे हात हे. पण वर्दी नव्हती. वर्दी नसली की हौतात्म्याचा हिशेब दुसऱ्या वहीत लिहितात. मी दोन्ही एकाच वहीत लिहितो.

आणि घर? शिपाई पडला की पेटी येते, बंदुका हवेत वाजतात, साहेब येतो, फोटो निघतो. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, तेही ठीक. पण तेराव्या दिवसानंतर त्या अंगणात कोण बसतं? त्या बाईचे पेन्शनचे कागद कोण वाचून दाखवतं? तिच्या पोराची फी कोण विचारतं? अंगणातली गर्दी किती लवकर ओसरते हे या जिल्ह्यानं खैरलांजीत पाहिलं आहे. २००६ साली सगळे आले होते, मोर्चे, मंत्री, कॅमेरे. एकटा उरलेला भैयालाल भोतमांगे २०१७ साली मेला तोवर मधल्या वर्षांत त्याच्या दाराशी किती जण उरले होते, ज्यानं त्यानं मोजावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. येत्या १ जानेवारीला कोणाचंही भाषण व्हायच्या आधी ती ४९ नावं माईकवरून वाचा. सगळी. सावकाश. अन् ती वाचायला पुढारी नको, दोर धरून उभी असलेली पोरगी वाचू द्या. तिचे आभार मानायचे तर असे माना. आणि गावी परतल्यावर तालुक्यात एक वही ठेवा. या तालुक्यातला कोणता जवान पडला, कोणता कामगार जळाला, घरी कोण उरलं, कोणता कागद अडला. महिन्यातून एकदा त्या दाराशी दोघांनी जावं. हार नको, पेन आणि चष्मा घेऊन जावं, अर्ज लिहायला.

सैनिक म्हणवणाऱ्यांनो, भीमेच्या काठावर तुम्ही पहारा नीट दिलात. आता आपापल्या गल्लीत द्या. मी माझं नाव वहीत पहिलं लिहून ठेवलं आहे. दुसरं कोणाचं?

जयभीम.