विश्लेषण : आंतरराष्ट्रीय विद्यार्थी परिषदांचे प्रायोजक नेमका कोणाचा खर्च उचलतात?

‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे,’ असे सांगणारे ई-मेल महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आता नवे राहिलेले नाहीत. परिषदेचे शहर, तारखा आणि त्याखाली लोगोंची लांबलचक रांग. त्यात बँक असते, विमान कंपनी असते, विद्यापीठ असते आणि एखादे मंत्रालयही असते. त्याच्याही खाली डॉलर किंवा युरोमधली डेलिगेट फी आणि ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ ही सूचना. मग घरात पहिला प्रश्न येतो : एवढे मोठे प्रायोजक पाठीशी असताना पैसे मुलाने का भरायचे? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना लोगो किती आहेत हे न बघता त्या लोगोंच्या पैशातून विद्यार्थ्याची खुर्ची येते का, हे बघावे लागते.

लोगो म्हणजे पैसे का?

नाही. महाविद्यालयाच्या फेस्टिव्हलमध्ये ज्यांनी मार्केटिंग टीमचे काम केले आहे, त्यांना हे पक्के ठाऊक असते. टायटल स्पॉन्सर एक, असोसिएट स्पॉन्सर दोन-तीन. रोख रक्कम येते ती बहुधा यांच्याकडून. उरलेले बरेचसे लोगो वस्तूंच्या बदल्यात लागलेले असतात : पाण्याच्या बाटल्या, टी-शर्ट, वह्या, सवलतीची कुपन्स. ‘मीडिया पार्टनर’ प्रसिद्धी देतो आणि ‘नॉलेज पार्टनर’ एखादा वक्ता किंवा नुसते नाव देतो. सरकारी खात्याचा किंवा दूतावासाचा लोगो तर कित्येकदा फक्त नाव वापरण्याच्या परवानगीपत्रावर येतो. त्यामागे एक रुपयाही नसतो. त्यामुळे वीस लोगोंच्या परिषदेकडे पैसे असतीलच असे नाही.

आंतरराष्ट्रीय परिषदेचा हिशेब मात्र फेस्टिव्हलपेक्षा वेगळा असतो. फेस्टिव्हल प्रायोजकाला गर्दी विकतो. परिषदेत गर्दी नसते, निवडून घेतलेली दोनशे-तीनशे मुले असतात. वेगवेगळ्या देशांतली, इंग्रजी बोलणारी, एका चाळणीतून आधीच गेलेली. त्यांचे बायोडेटा एका जागी मिळणे कंपनीसाठी स्वस्तातली नोकरभरतीच आहे. यात लपवण्यासारखेही काही नाही. आपल्याकडे मात्र ‘युवकांच्या सक्षमीकरणासाठी’ असे म्हणत त्यावर पडदा टाकण्याची हौस दांडगी!

पैसे खरोखर विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात, असे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते पन्नास वर्षांहून जुने आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन विद्यापीठात दरवर्षी, बहुधा मे महिन्यात, ‘सेंट गॅलन सिम्पोझियम’ भरते. १९६८ मध्ये युरोपभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. त्या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये सेंट गॅलनच्या पाच विद्यार्थ्यांनी इंटरनॅशनल स्टुडंट्स कमिटी स्थापन केली. दगडफेकीऐवजी उद्योगपती आणि राजकारण्यांना विद्यार्थ्यांसमोर बसवायचे, ही कल्पना. पहिली परिषद १९७० मध्ये झाली. आजही आयोजन विद्यार्थ्यांकडेच आहे. सुमारे तीस जणांचा चमू शिक्षणातून जवळपास वर्षभराची सुटी घेऊन हे काम करतो आणि प्रायोजकांकडेही हेच विद्यार्थी जातात.

इथली आर्थिक रचना समजून घेण्यासारखी आहे. परिषदेचा भार भागीदार कंपन्या आणि कंपन्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी यांच्याकडून येणाऱ्या पैशावर असतो. पदव्युत्तर आणि त्यापुढचे विद्यार्थी निबंध स्पर्धेतून येतात. पहिल्या शंभरात आलेल्यांना निमंत्रण मिळते आणि त्यांचा प्रवास व राहण्याचा खर्च परिषद करते. विजेत्यांसाठी एकूण २० हजार स्विस फ्रँकची बक्षिसेही असतात. थोडक्यात, ज्याच्या खिशात पैसा आहे तो भरतो आणि ज्याच्याकडे लिहिण्यासारखे काही आहे तो येतो. कोल्हापूर किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याने चांगला निबंध लिहिला, तर बापाची मुदत ठेव न मोडता तो तिथे पोहोचू शकतो.

तिथून फार दूर नसलेल्या जर्मनीतील लिंडाऊ गावात नोबेल विजेते आणि तरुण संशोधकांची बैठक १९५१ पासून भरते. तिथे प्रायोजक मुख्यतः संस्थात्मक आहेत : सरकारे, विज्ञान संस्था, प्रतिष्ठाने. भारतीय संशोधक तिथे गेले ते केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जर्मनीच्या डीएफजी या संशोधन संस्थेबरोबर राबवलेल्या निवडीतून. तिथेही निवड गुणवत्तेवर होते.

सेंट गॅलनवर टीका करायला जागा नाही, असे नाही. रस्त्यावरच्या असंतोषाला उत्तर म्हणून जन्मलेली परिषद कंपन्यांच्या पैशावर चालते, तेव्हा तिथले प्रश्न जरा गुळगुळीत होण्याचा धोका असतोच. ज्याच्या पैशाने जेवण आले, त्याच्या कारखान्यातल्या संपाबद्दल जेवतानाच विचारणारा विद्यार्थी विरळा. तरीही विद्यार्थ्यालाच ग्राहक करणाऱ्या परिषदेपेक्षा हा सौदा कितीतरी स्वच्छ आहे.

मग प्रायोजक नाकारायचा कधी?

याचे सर्वात स्पष्ट उत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दिले आहे. अमेरिकन मेडिकल स्टुडंट असोसिएशनने २००२ मध्ये ‘फार्मफ्री’ मोहीम सुरू केली आणि आपल्या कार्यक्रमांसाठी औषध कंपन्यांचा पैसा घेण्यास नकार दिला. २००७ पासून या संघटनेने वैद्यकीय महाविद्यालयांना औषध कंपन्यांशी असलेल्या संबंधांबाबतच्या धोरणावरून श्रेणी देण्यास सुरुवात केली. युक्तिवाद साधा होता. आज ज्याच्या पेनाने नोट्स लिहिल्या, उद्या त्याचेच औषध लिहून देण्याकडे हात वळतो.

भारतात डॉक्टरांसाठी हा नियम झालेला आहे. मेडिकल कौन्सिलने २००९ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती करून परिषदांसाठी औषध कंपन्यांकडून प्रवास व पाहुणचार घेण्यास मनाई केली. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनेही कंपन्यांना, वक्त्यांचा अपवाद सोडून, डॉक्टरांना असा प्रवास देण्यापासून रोखले. विद्यार्थी मात्र अजून नोंदणीकृत डॉक्टर नसतो. भारतातील वैद्यकीय विद्यार्थी ‘एमएसएआय’ या संघटनेमार्फत १९५१ पासूनच्या ‘आयएफएमएसए’ या आंतरराष्ट्रीय महासंघाशी जोडलेले आहेत. परदेशातील अधिवेशनांची वाट त्यांच्यासाठी खुली आहे. या वयातल्या प्रवासाचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न पदवीनंतरच्या नोंदणीपर्यंत थांबवणे बरोबर नाही. सवयी त्याआधीच लागतात.

हाच निकष इतरत्रही लावता येतो. परिषदेच्या विषयातच प्रायोजकाचा थेट स्वार्थ अडकला असेल तर पैसा नाकारावा किंवा निदान त्याला कार्यक्रमपत्रिकेपासून दूर ठेवावे. बँकेने रोबोटिक्स परिषदेला पैसे दिले तर बिघडत नाही. हवामान बदलावरील परिषदेला तेल कंपनीने दिले तर बिघडते.

भारतीय कायदा प्रायोजकत्वाकडे कसा पाहतो?

या बाबतीत कायदा भाषणांपेक्षा प्रामाणिक आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण त्यात बसते. पण जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी स्वतःच्या उत्पादन-सेवांच्या जाहिरातीचा लाभ घेण्यासाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआरमधून स्पष्टपणे वगळले. भारताबाहेरचे उपक्रमही, देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा अपवाद सोडता, सीएसआरमध्ये मोजले जात नाहीत. म्हणजे परदेशातील परिषदेच्या मंचावर बॅनर लावून त्याला समाजसेवा म्हणण्याची सोय कंपनीला नाही.

जीएसटीही हीच रेघ ओढतो. प्रायोजकत्व ही करपात्र सेवा आहे. दुसरीकडे, ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकानुसार धर्मादाय संस्थेने देणगीदार व्यक्तीचे नाव केवळ कृतज्ञतेपोटी, व्यवसायाची जाहिरात न करता लावले, तर त्यावर कर नाही. मोबदल्यात प्रसिद्धी घेतली की व्यवहार झाला. विद्यार्थी आयोजकांनीही तो व्यवहारच मानून लेखी करावा : काय दिले, काय घेतले आणि मुख्य म्हणजे सहभागींची माहिती प्रायोजकाला जाणार का. नोंदणी अर्जात ‘भागीदारांसोबत माहिती शेअर करण्यास संमती’ असा चौकोन आधीच टिक केलेला असतो, तो कोणी वाचत नाही. खरे तर प्रायोजकाने मोजलेली किंमत बहुतेक वेळा त्याच चौकोनाची असते.

निवडपत्र आल्यावर पालकांनी काय पाहावे?

आधी आयोजक कोण, हे. प्रसिद्ध विद्यापीठाचे नाव शीर्षकात असले तरी आयोजन तिथल्या एखाद्या विद्यार्थी संघटनेचे असू शकते, किंवा फक्त सभागृह भाड्याने घेतलेले असू शकते. त्यात गैर काही नाही, पण मग ते विद्यापीठाचे निमंत्रण ठरत नाही. प्रायोजकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या परिषदेचा उल्लेख आहे का, हे तपासायला पाच मिनिटे लागतात. निवडीत निबंध, शोधनिबंध किंवा मुलाखत काहीच नसेल आणि अर्ज केल्यावर दोन दिवसांत ‘निवड’ झाली असेल, तर तिथे फी भरण्याची क्षमता हीच पात्रता आहे असे समजावे. संगणकशास्त्रातील पीएचडी करणाऱ्यांनी आधी एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस यांच्या संयुक्त प्रवास अनुदानासारखे मार्ग पाहावेत. आंतरराष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध स्वीकारला गेलेल्यांसाठीच ते आहे.

सवलत मागायलाही लाजू नये. फीमाफी किंवा प्रवासमदत आहे का आणि ती किती जणांना मिळते, असा ई-मेल सरळ आयोजकांना पाठवावा. ज्यांच्याकडे प्रायोजकांचा पैसा खरोखर आला आहे, त्यांच्याकडे याचे उत्तर आकड्यात असते. ते येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये आणि व्हिसाचा अर्जही थांबवावा. परिषदेचे निमंत्रण म्हणजे व्हिसाची हमी नव्हे आणि जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो झालेले शेंगेन व्हिसाचे शुल्क अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही.