पेटीची बैठक

देवळात पेटी नको, हा आग्रह बीदर-कलबुर्गीच्या सरहद्दीवरील भजनी मंडळींत अधूनमधून उचल खातो. आग्रह धरणारांचे म्हणणे ऐकण्यास मोठे सोज्ज्वळ वाटते : जुनी पदे जुन्याच वाद्यांवर म्हणावीत, पेटी परदेशी, बारा स्वरांपलीकडे तिला गती नाही, मींड तिला येत नाही, म्हणून देवापुढे ती अपात्र. यातील निम्मे खरे आहे. पॅरिसच्या देबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. हाताने भाता चालविण्याची बैठी पेटी कलकत्त्यास घडली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी. हुमनाबादेजवळ माणिकनगरास श्रीमाणिकप्रभूंनी समाधी घेतली १८६५ साली. त्यांची मराठी, कानडी, हिंदुस्थानी पदे रचली गेली तेव्हा आजची पेटी नव्हती, हे निःसंशय.

पण म्हणून ती पदे पेटीवर म्हणूच नयेत, हे कोठून निघाले?

असाच वाद विसाव्या शतकात युरोपातही पेटला होता. बाख या जर्मन रचनाकाराने १७३० नंतरच्या वर्षांत लाइप्झिग येथे तंतुवाद्यांच्या मेळासह हार्प्सिकॉर्डवर वाजविण्याच्या रचना सिद्ध केल्या. हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली की तार छेडली जाते. पियानोत तारेवर हातोडी पडते. वांडा लांडोव्स्का या विदुषीने विस्मृतीत गेलेला हार्प्सिकॉर्ड पुन्हा सभेत आणला, आणि तिच्या मागून आलेल्या शुद्धिवाद्यांनी पियानोवाल्यांना धारेवर धरले. ग्लेन गूल्ड मात्र त्याच रचना पियानोवर वाजवीत राहिला, आणि लोक ऐकत राहिले. बरे, खुद्द बाखची वृत्ती काय होती? विवाल्डीने चार व्हायोलिनींसाठी केलेली रचना त्याने चार हार्प्सिकॉर्डांसाठी उतरवून घेतली! झिल्बरमानने घडविलेला नवा पियानो त्याने आरंभी नापसंत केला आणि सुधारून आणल्यावर वाखाणला. जो स्वतः एका वाद्याचे दुसऱ्यावर नेत होता, त्याच्या नावाने वाद्याचे सोवळे पाळणे हा अजब भक्तिभाव म्हणावा लागेल.

आपल्याकडे बंदीचा प्रयोगही होऊन चुकला आहे. १९४० च्या मार्चपासून नभोवाणीने पेटीला दार बंद केले. रवींद्रनाथांसारखा कवी पेटीच्या विरुद्ध होता. नभोवाणीतील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स हेही विरुद्ध होते. ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. एवढ्या तीन दशकांत मैफलीतून, कीर्तनातून, नाटकातून पेटी हलली काय? गोविंदराव टेंब्यांनी जिला बोलके केले, ती सरकारी हुकुमाने मुकी होणार नव्हती.

तथापि शुद्धिवाद्यांची एक तक्रार आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि नवलाची गोष्ट ही की तीच ते जोराने मांडत नाहीत. हार्प्सिकॉर्ड तंतुवाद्यांच्या पंगतीत बसून बोलतो; पियानो मनात आणील तर पंगत उठवून लावतो. आमच्या सभामंडपांत नेमके हेच घडत आहे. पेटी आली ती साथीला. आता ती यजमानीण होऊन बसली आहे. वादक येतो, आपल्या हाताला सोयीची पट्टी धरतो आणि त्या पट्टीत सर्वांनी गावे अशी अपेक्षा ठेवतो. बायकांचा गळा ज्या स्वरात मोकळा होतो तो राहतो बाजूला. साठी उलटलेल्या आजीबाई, ज्यांना पदांची सारी कडवी मुखोद्गत आहेत, वरच्या षड्जापाशी दम तुटून गप्प होतात आणि टाळ हाती धरून नुसत्या बसून राहतात. त्या गप्प झाल्या म्हणजे न छापलेली कडवीही गप्प होतात. मींड गेल्याचे दुःख करणारांनी या नुकसानीचा कधी हिशेब केला आहे काय?

आणि सोवळेपणाचा पाया तरी किती पक्का? ज्या मंडपाच्या चारी खांबांना ध्वनिक्षेपक लटकले आहेत, आरती संपताच ध्वनिमुद्रित पदांचा भडिमार सुरू होतो, नगारा विजेच्या यंत्रावर वाजतो, त्या मंडपात बिचाऱ्या पेटीने तेवढे परके ठरावे! (विजेच्या नगाऱ्याविरुद्ध एकही ठराव आमच्या ऐकिवात नाही. बहुधा तो वाजविण्यास माणूस लागत नाही, म्हणून विश्वस्तांना प्रिय असावा.)

कल्याणच्या शरणांची बाराव्या शतकातील वचने मल्लिकार्जुन मन्सूरांनी हिंदुस्थानी रागांत गाइली. त्यांनी ती बाराव्या शतकातल्यासारखी गाण्याचा अट्टहास केला नाही. शब्द मात्र वर राहिले. आमचे मागणे तेवढेच आहे. पट्टी गाणाराने सांगावी, वादकाने नव्हे. आणि ती सांगताना मंडपातील म्हाताऱ्या माणसांचा गळा विचारात घ्यावा. पद सुरू होताना पेटीने एक स्वर देऊन थांबावे. शब्द चालू असता बोटांची धावाधाव नको. ती दोन कडव्यांच्या मध्ये खुशाल व्हावी. पेटीच्या तोंडाशी ध्वनिक्षेपक ठेवू नये. मींड गाणाराच्या गळ्यात असते. तेथे पेटीने हात आवरला म्हणजे तिचा निम्मा दोष आपोआप मिटतो.

आणि तंबोरा पुन्हा बाहेर काढावा. कित्येक देवळांत तो कोठीच्या खोलीत गवसणीसकट उभा आहे, तारा गंजलेल्या, घोडी हललेली. मिरज येथून काही फार दूर नाही. तंबोरे घडविणारी घराणी तेथे आजही काम करीत आहेत. दत्तजयंती मार्गशीर्षात येते. आश्विनात तंबोरा मिरजेस धाडला तर उत्सवापूर्वी परत येण्यास हरकत नसावी.