घरातल्या ओव्या लिहून घ्या

तुमच्या घरात, भावकीत किंवा शेजारी एखादी म्हातारी बाई असेल आणि तिनं कधीकाळी जात्यावर दळलं असेल, तर येत्या सुट्टीत तिच्याजवळ बसा आणि तिच्या ओव्या उतरवून घ्या. गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण थांबलं, ते चांगलंच झालं. त्या कष्टाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण सासरचा जाच, भावाची वाट, न झालेलं मूल, पंढरीची ओढ हे सगळं ती जात्यालाच सांगत होती. दळण गेलं तशी तिची ही बोलायची जागाही गेली.

याआधी हे काम पुष्कळांनी केलं आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे संग्रहच्या संग्रह काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी पुण्यात राहून १९८०च्या दशकापासून गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या बायांच्याच आवाजात ऐकता येतात. ओवी म्हणजे फक्त सीता आणि विठ्ठल, असं वाटत असेल तर दलित बायांनी बाबासाहेबांवर आणि रमाईवर रचलेल्या ओव्या तिथं जरूर ऐका.

तरी तुमच्या आजीच्या ओव्या त्यात असतीलच असं नाही. बाई ओवीत आपल्या भावाचं, लेकाचं नाव घालते, आपल्या गावचा देव आणते, एखादी ओळ फिरवते. म्हणून ‘ही तर पुस्तकात आहे’ असं म्हणून कुठलीही ओवी सोडू नका.

‘आजी, ओवी म्हण ना’ म्हणत फोन पुढे धरलात, तर ‘आता कुठं आठवतंय’ एवढंच उत्तर मिळेल. जातं असेल तर मांडा, मूठभर ज्वारी द्या, समोर तिची जाऊ किंवा जुनी शेजारीण बसवा. एकीनं सुरुवात केली की दुसरीला पुढचं आठवतं. जातं नसेल तर लग्नाची हळद दळताना, बाळंतिणीच्या घरी, पंचमीला माहेरी आल्यावर काय म्हणायचात, असं प्रसंग धरून विचारा. आणि घरच्या पुरुषांना थोडा वेळ बाहेर पाठवा. त्यांच्यादेखत सासरच्या ओव्या ओठावर येत नाहीत.

ती म्हणेल तसंच लिहा. ‘व्हती’चं ‘होती’ करू नका, शिवी आली तर गाळू नका. खाली तिचं नाव, माहेर, सासर आणि ओवी कुणाकडून शिकली ते लिहा. ‘पारंपरिक’ एवढं लिहून मोकळं होण्याची आपल्याला वाईट सवय आहे. त्या एका शब्दाखाली हजारो बायांची नावं पुसली गेली आहेत.

कुठली ओवी बाहेर जावी हे तिनंच ठरवायचं. तिनं ‘ही नको’ म्हटलं, तर ती कितीही सुंदर असली तरी घरच्या ग्रुपवरसुद्धा टाकू नका. बाकीच्या ओव्यांचं फोनवरचं रेकॉर्डिंग आधी तिलाच ऐकवा. ऐकता ऐकता तिला आणखी आठवतील, म्हणून दुसरा फोन चालू करून जवळ ठेवा.