आधी झाडू, मग कात्री

सलूनमध्ये पहिल्या दिवशी माझ्या हातात काही आलं असेल, तर झाडू. वय बावन्न, बावीस वर्षं पतपेढीत खतावण्या लिहिलेल्या, आणि माझ्या लेकीहून दोन वर्षांनी लहान मालकीण सांगतेय, "काकू, गिऱ्हाईक खुर्चीतून उठायच्या आत खालचे केस गोळा झाले पाहिजेत." राग आला. कोथरूडहून घरी जाताना बसमध्ये मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला. मजकूरही झकास जमला होता. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा हजर.

पतपेढीची आमची शाखा बंद झाली तेव्हा सगळ्यांनी सुचवलं ते पोळीभाजीचं. मला मात्र लहानपणापासून दुसऱ्याच्या केसांत हात घालायची हौस. सहा महिन्यांचा क्लास लावला. बाकीच्या मुली विशीतल्या. तिथे डमीवर केस कापायला शिकवतात. डमी शिंकत नाही, मोबाइल बघायला मान खाली घालत नाही आणि तिच्या डोक्यावर भोवराही नसतो. खऱ्या डोक्यावर तो असतोच. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं असं आमची आजी म्हणायची. सलूनमध्ये दोन भोवरे म्हणजे काय तर तिथली बट कशीही कापा, उभीच राहणार.

कात्रीनं सर्वांत छळलं. एक कडं अनामिकेत, दुसऱ्यात अंगठ्याचं नुसतं टोक. हलतो तो फक्त अंगठा. दुसरं पातं जागचं हलता कामा नये. जन्मभर शिवणाची कात्री चालवलेली, त्यामुळे माझा अख्खा पंजाच उघडमीट करायचा. मग बसस्टॉपवर, टीव्हीसमोर, कुकरची शिट्टी होईपर्यंत नुसता अंगठा हलवत बसायचे. नवऱ्याला वाटलं, कंपवाताची सुरुवात आहे. त्यानं गुपचूप डॉक्टरांचा नंबरही काढून ठेवला होता.

झाडूनंतर बढती मिळाली ती बेसिनवर. तीन महिने नुसते केस धुतले. पाणी आधी आपल्या मनगटावर घ्यायचं, कपाळाशी हाताची आड धरायची, कानामागचा फेस विसरायचा नाही. हे काम हलकं मानतात, पण डोकं कळतं ते इथेच. एका बाईंच्या मानेवर, केसांच्या आत, रुपयाएवढी चाई लागली हाताला. बाईंचे खांदे एकदम ताठ झाले. मी वरचे केस त्यावर तसेच ओढून घेतले आणि टॉवेल गुंडाळताना हळूच म्हटलं, "एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या हं." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी आल्या तेव्हा थेट बेसिनशी येऊन बसल्या.

दिवसभर उभं राहून वैतागले की मला हसूरसासगिरीच्या शांताबाई यादव आठवतात. गडहिंग्लज तालुक्यातलं गाव. नवरा गेला, पदरात चार मुली, आणि बाईंनी हातात वस्तरा घेतला. गावातल्या पुरुषांच्या दाढ्या केल्या, म्हशी भादरल्या. त्यांना ना क्लास, ना डमी. थेट माणसाच्या गळ्याशी धार. एसीत उभं राहून पोटऱ्या दुखतात म्हणून क्रेप बँडेज बांधणाऱ्या मी कुरकुर तरी कुठल्या तोंडानं करायची?

पहिला स्वतंत्र कट मिळाला तो एका कॉलेजकन्येचा. कुरळे केस, खांद्यापर्यंत हवे होते. कुरळा केस ओला असताना ताणला की लांब दिसतो आणि वाळला की आखडतो, हे वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं माझ्या. तरी मी ताणून, सरळ रेषेत, अगदी खांद्यावर कापले. ड्रायर फिरू लागला तसे केस एकेक जिना चढत हनुवटीपाशी येऊन थांबले. मुलगी आरशात बघत राहिली. पतपेढीत रक्कम चुकली तर उलट नोंद करून मोकळं होता येतं. इथे कापलेलं परत चिकटवणार कुठून? मालकिणीनं माझ्या हातातली कात्री घेतली, बाजू सारख्या केल्या, पैसे घेतले नाहीत. रात्री शटर ओढताना एवढंच म्हणाली, "कुरळ्याला दोन बोटं सोडून कापायचं, काकू." त्या दिवसापासून मी तिला 'मॅडम' म्हणते, आणि ते तोंडदेखलं नाही.

पगार? विचारू नका. रिक्षा केली तर दिवस तोट्यात.

पांढऱ्या केसांचा फायदा मात्र आहे. नवीन गिऱ्हाईक दारातून आत आलं की सरळ माझ्याकडे वळतं. सगळ्यांत मुरलेली मीच असणार, असा हिशेब. गेल्या शनिवारी पंचाहत्तरीच्या एक आजी बेसिनवर डोळे मिटून पडल्या होत्या. म्हणाल्या, "हात छान आहे गं तुझा. किती वर्षं झाली या धंद्यात?"

"आठ महिने."

आजी फेसासकट उठून बसल्या. पाणी पार पाठीत गेलं. "मग कापणार कोण आहे?"

"मीच," म्हटलं, आणि त्यांचं डोकं हलकेच पुन्हा बेसिनवर टेकवलं.