अंदाज आणि भागाकार

"बहुपदीचे अवयव पाडावयास लांब भागाकार कशाला? एक उत्तर अंदाजानें सांपडलें कीं झालें," असें नववींतील मुलें म्हणतात, आणि आमच्या डोंबिवलींत सायंकाळीं नातवंडांस शिकवावयास बसलेले आजोबाही कित्येकदां त्यास रुकार देतात. या समजुतीचा विचार एका जुन्या उदाहरणावरून करूं.

चाळीसगांवाजवळील पाटण येथें चांगदेवाचा शिलालेख आहे. आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें तेथें मठ स्थापिला. इ. स. १११४ सालीं जन्मलेल्या या आचार्यांनीं 'बीजगणितां'त एक घनसमीकरण दिलें आहे. ते ज्यास यावत्तावत् म्हणत, त्यास आपण क्ष म्हणूं. क्ष-घन + १२ क्ष हें ६ क्ष-वर्ग + ३५ बरोबर आहे, तर क्ष किती? आचार्यांनीं दोन्ही पक्षांतून ६ क्ष-वर्ग + ८ वजा केले. एका पक्षीं (क्ष − २) चा घन झाला, दुसऱ्या पक्षीं २७ उरले. म्हणून क्ष ५.

परंतु दुसरें उत्तर नाहीं कशावरून? येथें भागाकाराचें काम पडतें. क्ष-घन − ६ क्ष-वर्ग + १२ क्ष − ३५ हा भाज्य व क्ष − ५ हा भाजक मांडावा. प्रथम क्ष-वर्गाचा भाग लागतो. वजाबाकींत − क्ष-वर्ग उरतो, म्हणून पुढें − क्ष, आणि शेवटीं + ७ लागून बाकी शून्य येते. क्ष-वर्ग − क्ष + ७ याचे अवयव पाडूं जातां − २७ चें वर्गमूळ लागतें. आणि ऋणराशीस वर्गमूळ नाहीं, असें आचार्यच सांगतात. संमिश्र संख्या घेतल्यास आज आणखी दोन उत्तरें मिळतात. पण शाळेंतील संख्यांत ५ हें एकटेंच.

आतां क्ष-घन − ७ क्ष + ६ घ्या. येथें १ हें उत्तर तत्काळ सुचतें, आणि अंदाजावर विसंबणारा मुलगा वही मिटतो. भागाकार करणाऱ्यास क्ष-वर्ग + क्ष − ६ मिळून २ आणि − ३ हीं उत्तरेंही हातीं येतात. मात्र भाज्यांत क्ष-वर्गाचें पद नाहीं. त्याच्या जागीं ० क्ष-वर्ग लिहिल्यावांचून आरंभ करूं नये, आणि वजा करतांना प्रत्येक पदाचें चिन्ह बदलावें. मुलांचे गुण बहुधा याच दोन ठिकाणीं जातात. आज रात्रीं घरच्या मुलांकडून हीं दोन्ही उदाहरणें करवून पाहावीं.