कागदावर गोरा, रस्त्यावर काळा

हात दाखवून गाडी थांबवणे हा पोलिसांच्या हातातला सर्वांत किरकोळ अधिकार समजला जातो. त्याला ना वॉरंट लागते, ना वरिष्ठांची लेखी परवानगी. शिट्टी वाजली, काठी आडवी आली की गाडी बाजूला. पण सामान्य माणसाची आणि पोलिसांची गाठ बहुतेक वेळा इथेच पडते. जन्मात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेली माणसेही चौकातल्या हवालदारापुढे कधी ना कधी कागदपत्रे हातात धरून उभी राहिलेली असतात. या किरकोळ अधिकाराचा हिशेब कोण ठेवतो?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याला तो ठेवणे भाग पडले. हे राज्य आपल्याकडच्या अनेक घरांना परके नाही. एडिसन आणि आसपासच्या गावांत मराठी, गुजराती, तेलुगू कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि तिथे गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईने ज्या टर्नपाइकवरून कौतुकाने बाहेर पाहिलेले असते, त्याच रस्त्याची ही हकिकत.

या महामार्गावर काळ्या माणसांनाच जास्त अडवले जाते, अशी जुनी तक्रार होती. पण ती सिद्ध कशी करायची? अडवलेल्यांत काळे किती हे कळले तरी मुळात रस्त्यावरून जाणाऱ्यांत ते किती, हे ठाऊक नसेल तर आकड्याला अर्थ नाही. जॉन लॅम्बर्थ या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने मग सरळ मोजणीच केली. त्याची माणसे रस्त्याकडेला बसून गाड्या मोजत राहिली. नंतर एका ठराविक वेगाने गाडी चालवत आपल्याला कोण कोण मागे टाकून जाते, याची नोंद केली. ज्यांत काळा माणूस बसला होता अशा गाड्या निघाल्या साधारण साडेतेरा टक्के. अडवलेल्यांत मात्र काळे सुमारे ३५ टक्के. आणि वेगमर्यादा मोडणाऱ्या गाड्या किती? ९८ टक्के!

हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे. सगळेच नियम मोडत असतील तर कुणाला अडवायचे आणि कुणाला जाऊ द्यायचे, हे फक्त पोलिसाच्या मर्जीवर उरते. ठाण्याच्या किंवा इंदूरच्या वाहनचालकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

मार्च १९९६मध्ये न्यायाधीश रॉबर्ट फ्रान्सिस यांनी ही मोजणी ग्राह्य धरली आणि पोलीस भेदभाव करतात असा निकाल दिला. सरकारने अपील ठोकले. एप्रिल १९९८मध्ये याच रस्त्यावर पोलिसांनी एक व्हॅन थांबवली. आत चार तरुण होते, तीन काळे आणि एक हिस्पॅनिक. बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेले. दोन पोलिसांनी ११ गोळ्या झाडल्या, तिघे जखमी झाले. तेव्हा कुठे सरकारला जाग आली. फेब्रुवारी १९९९मध्ये पोलीसप्रमुखाने एका मुलाखतीत अमली पदार्थांच्या धंद्याचा संबंध अल्पसंख्याकांशी जोडला आणि गव्हर्नर क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवले. दोन महिन्यांनी सरकारच्याच अहवालाने कबूल केले की, टर्नपाइकवर ज्यांच्या संमतीने गाडीची झडती घेतली गेली त्यांतले ७७ टक्के लोक काळे किंवा हिस्पॅनिक होते. या ‘संमती’लाही काय अर्थ! रात्रीच्या अंधारात, कमरेला पिस्तूल असलेला माणूस ‘जरा डिकी बघू का’ म्हणतो तेव्हा नाही कोण म्हणेल?

खोट्या नोंदींची युक्ती

त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. अडवलेल्या माणसाचा वर्ण नोंदवायचा असतो हे पोलिसांना माहीत होते. म्हणून काही जण काळ्या चालकाला थांबवून कागदावर एखाद्या गोऱ्याच्या गाडीचा नंबर लिहीत. गोरा बिचारा केव्हाच पुढे निघून गेलेला असे. गोळीबार करणाऱ्या त्या दोन पोलिसांवरही अशाच खोट्या नोंदींचे आरोप ठेवले गेले. २००२मध्ये दोघांनी चौकशीत अडथळा आणल्याचा आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कबूल केला. तुरुंगात मात्र कुणालाच जावे लागले नाही.

डिसेंबर १९९९मध्ये केंद्राच्या न्यायखात्याशी करार होऊन राज्य पोलिसांवर बाहेरचे निरीक्षक नेमले गेले. गाड्यांत कॅमेरे बसले, प्रत्येक थांबवणुकीची नोंद होऊ लागली आणि आकडे ठराविक मुदतीने जनतेसमोर येऊ लागले. २००९मध्ये निरीक्षक गेले, पण नोंदी व अहवाल सुरू ठेवण्यासाठी राज्याने कायदा केला.

म्हणजे सगळे सुरळीत झाले? तसे नाही. जुलै २०२३मध्ये २००९ ते २०२१ या काळातल्या ६० लाखांहून अधिक थांबवणुकींचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि गोऱ्यांपेक्षा इतरांना जास्त अडवले व तपासले जाते, हेच पुन्हा दिसले. त्यावर पोलिसांनी काय केले? दंडच करणे सोडले. जुलै २०२३ ते मार्च २०२४ या काळात वेग, दारू पिऊन गाडी चालवणे, मोबाइलवर बोलणे अशा गुन्ह्यांची कारवाई आदल्या वर्षीच्या तुलनेत ६१ टक्क्यांनी घटली, असे न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर २०२४मध्ये छापले. अपघात वाढले ते वेगळेच. या रुसव्याची चौकशी करण्याचे काम सोपवले गेले ते फिरोजपूरला जन्मलेल्या प्रीत भरारा यांच्याकडे.

शेजारच्या कनेक्टिकटमध्ये तर २०२३च्या तपासणीत २०१४ ते २०२१ या वर्षांतल्या सुमारे २६ हजार दंडनोंदींचा कोर्टाच्या दप्तरात पत्ताच लागला नाही, आणि त्यांत गोऱ्यांचे प्रमाण जास्त होते. पुढच्या वर्षी स्वतंत्र चौकशीने त्यातला बराचसा भाग बेफिकिरीचा ठरवला. बेफिकिरी का होईना, आकडे बिघडले ते बिघडलेच.

तरीही या लबाड्या पकडल्या गेल्या त्या मुळात नोंद होती म्हणून. खोट्या नंबराला खोटे ठरवायला आधी वही लागते.

आपल्याकडे वहीच नाही

आपल्याकडे दंड झाला तर चलन निघते. दंड न करता सोडलेल्या माणसाची नोंद सहसा कुठेच होत नाही. ‘साहेब, जाऊ द्या ना’, ‘बोला, काय करायचे’ हा संवाद ज्या पाच मिनिटांत होतो, ती पाच मिनिटे सरकारदरबारी घडलेलीच नसतात. बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट दिसली की हात वर होतो, अमक्या वस्तीतल्या पोरांच्या मोटारसायकली हमखास अडवतात, दाढी-टोपी पाहून प्रश्न वाढतात, या तक्रारी घरोघरी ऐकायला मिळतात. त्या खऱ्या की खोट्या, हे पोलिसांनाही सिद्ध करता येत नाही. प्रामाणिक हवालदाराचे यात सर्वांत जास्त नुकसान आहे, कारण त्याच्याजवळही दाखवायला काही नाही.

२००५च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर मागता येते, पण जी माहिती कार्यालयाकडे आहे तीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला, तो ठाण्याच्या आवारापुरता.

दरवर्षी १ जानेवारीच्या सुमारास वर्तमानपत्रांत बातमी येते की, ३१ डिसेंबरच्या रात्री इतक्या मद्यपी चालकांवर कारवाई झाली, इतका दंड वसूल झाला. त्या रात्री एकूण किती गाड्या थांबवल्या, कोणत्या नाक्यावर, आणि किती जणांना काहीही न आढळल्याने जाऊ दिले, हे त्या बातमीत नसते. मुंबईत २०१६पासून हवालदाराच्या हाती ई-चलनाचे यंत्र आले आहे. त्यात वेळ, जागा आणि गाडीचा नंबर येतोच. ‘थांबवले, दंड नाही’ एवढी एक नोंद त्यात घालायला आणि दर तिमाहीला नाकावार आकडे आयुक्तालयाच्या दारावर लावायला फारसा खर्च येणार नाही.